पानांचा आकडा: लग्नाच्या कामाच्या नोंदी (नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

तारीख पक्की: रविवार १६ फेब्रुवारी २०२५. ठिकाण पुणे. मुहूर्त सकाळी ११ वाजून ४७ मिनिटं. गुरुजींकडून आधी तीन तारखा घेतल्या आणि मगच कार्यालयांना फोन केले. एकच तारीख धरून कार्यालय शोधायला निघालं की तुळशीच्या लग्नानंतरचे रविवार बहुतेक गेलेलेच असतात आणि मग पडेल त्या भावाला हो म्हणावं लागतं.

कार्यालय शनिवारी संध्याकाळी ५ पासून रविवारी दुपारी ४ पर्यंत मिळालं. भाड्याच्या पलीकडचे खर्च लेखी मागितले, कारण फसगत तिथेच होते. वीज मीटरप्रमाणे का, आणि त्यासाठी सुरुवातीचं रीडिंग कोणासमोर घेणार? जनरेटर तासावर का डिझेलवर? केटरर बाहेरचा आणला तर कार्यालय काही आकारतं का? सजावट त्यांच्याच माणसाकडून करावी लागते का? अनामत कधी परत मिळते? खोल्या सहा, त्यांपैकी गिझर चालू असलेल्या चार. मुलाकडच्यांना तीन द्यायच्या, तिन्ही गिझरवाल्या. फेब्रुवारीची पहाट अजून गार असते.

भोजनगृहात एका वेळी १२० पानं बसतात. पुढचं सगळं नियोजन या आकड्यावर बेतायचं आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

दोन्हीकडच्या याद्या एका तक्त्यात आणल्या. रकाने असे: घर, माणसं, गाव, पत्रिका हातानं की पोस्टानं, फोन कोणी करायचा, आणि येण्याची शक्यता. पत्रिका घरांवर मोजायच्या आणि पानं माणसांवर. दोन्ही एकाच रकान्यात गेलं की पत्रिका दुप्पट छापल्या जातात किंवा जेवण अर्धं पडतं.

एकूण माणसं ५१२. येतीलच अशी २६० (अ), बहुधा येतील अशी १५० (ब), बोलावायला तर हवंच पण येणं अवघड अशी १०२ (क). अ ला दहात नऊ, ब ला दहात सहा, क ला दहात तीन असं धरलं तर २३४ + ९० + ३१, म्हणजे ३५५ येतात. केटररला हमी ३५० पानांची द्यायची आणि वर दहा टक्के वाढण्याची तयारी त्यानं ठेवायची, असं बोलायचं.

आई आणि आत्या दोघींनी क मधली बरीच नावं अ मध्ये हलवायला लावली. त्यांच्या माहितीचा मान ठेवून नावं हलवली, पण ‘का’ हे शेजारच्या रकान्यात लिहून घेतलं. ‘त्यांच्या मुंजीला आपण गेलो होतो’ हे कारण भक्कम. ‘येतीलच बघ’ याला कारण म्हणता येत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पंगत का बुफे, याचा हिशोब मांडला. ३५० माणसं आणि १२० पानांचं भोजनगृह म्हणजे तीन पंगती. जेवायला ४० मिनिटं, उष्टी उचलून पुन्हा पानं मांडायला १५. तीन पंगतींना पावणेतीन तास लागतात. अक्षता पडल्यावर लगेच, म्हणजे सव्वाबाराला पहिली पंगत बसली तरी तिसरी आटोपून पुन्हा पानं मांडायला तीन वाजतात. विहिणीची पंगत त्यानंतर, आणि चारला कार्यालय रिकामं करायचं. हे जमणारं नाही.

म्हणून एकच पंगत १२० पानांची, ज्येष्ठ आणि परगावच्या मंडळींसाठी. बाकीच्यांना बाजूच्या अंगणात बुफे, त्याच वेळी. होम, सप्तपदी आटोपायला दीड वाजेल, तेव्हा विहिणीची पंगत पावणेदोनला. पंगतीला दहा-बारा पानांमागे एक वाढपी लागतो, म्हणून पंगतीचे ११ वाढपी करारात लिहून घेतले. ‘आमची माणसं असतात’ एवढ्यावर थांबलं की भात संपत आला तरी वरण फिरत नाही.

केटररचा आकडा: मुख्य जेवण ३५० × ४५० = १,५७,५००, शनिवारचं रात्रीचं जेवण ८० × ३५० = २८,०००, रविवारचा नाश्ता १२० × ११० = १३,२००. बेरीज १,९८,७००. त्यावर ५ टक्के जीएसटी ९,९३५. एकूण २,०८,६३५.

रोखीत द्या म्हणजे सोपं पडेल, असं सुचवलं जातं. ते नको. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९एसटीप्रमाणे एकाच प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही. पन्नास-पन्नास हजारांचे चार हप्ते वेगवेगळ्या दिवशी दिले तरी प्रसंग एकच धरतात. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असतो. हे सांगितल्यावर बँकेनं पैसे घ्यायला कोणी नाही म्हणत नाही, आणि पावती मिळते ती वेगळी.

१ डिसेंबर, रविवार

नवीन वर्षाची दिनदर्शिका घरात आली आणि मोठी चूक सापडली. १६ फेब्रुवारीला माघ वद्य चतुर्थी. संकष्टी आहे.

मुहूर्त पाहताना सगळ्यांचं लक्ष वेळेवर, कार्यालय घेताना सगळ्यांचं लक्ष वारावर. तिथीकडे कोणी पाहिलंच नाही. तारीख बदलायचं कारण नाही, गुरुजींना अडचण नाही. अडचण जेवणाची आहे. संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो, आणि त्या दिवशी चंद्र रात्री साडेनऊच्या पुढे उगवणार. म्हणजे दुपारच्या जेवणाला उपास करणारा प्रत्येक पाहुणा मसालेभात आणि जिलेबी बघत बसणार.

त्यात वरमाईंची संकष्टी कित्येक वर्षांची. जी पंगत त्यांच्या मानासाठी घालायची, तिचं पान त्यांनाच चालणार नाही. त्यांना एकदा उपास मोडायला सांगू, हा उपाय कोणी सुचवला तर तिथल्या तिथे थांबवायचा. व्रत त्यांचं आहे, सोय आपण करायची.

तक्त्यात नवा रकाना घातला: संकष्टी.

८ डिसेंबर, रविवार

पत्रिकेचा मजकूर. ३० डिसेंबरला मार्गशीर्ष अमावास्या, ३१ पासून पौष, तो २९ जानेवारीपर्यंत. दोन्ही घरांत पौषात शुभकार्याची सुरुवात करत नाहीत. त्यामुळे पत्रिका २० डिसेंबरपर्यंत हातात हव्यात, देवापुढची पत्रिका डिसेंबरमध्येच ठेवायची आणि वाटप पुढं चालू ठेवायचं. घरं १६४, पत्रिका १९०. नंतर २० जादा छापायला परत मशीन लावावं लागतं आणि त्या वीसांचा दर पहिल्या शंभरांच्या वर जातो.

प्रूफ तीन जणांनी वेगवेगळं वाचलं. एकानं फक्त आकडे: तारीख, वार, मिती, वेळ, फोन. दुसऱ्यानं फक्त नावं आणि नात्यांचा क्रम. तिसऱ्यानं पत्ता, रस्त्यावरून चालत गेल्यासारखा. तिघं एकत्र बसून वाचायला लागले की सगळ्यांचे डोळे मजकुरावरून घसरतात. आमच्या प्रुफात मिती ‘माघ शुद्ध ४’ आली होती. वद्य करून घेतलं. पत्रिकेत मिती बरोबर छापली की उपास करणाऱ्यांना आधीच कळतं, हा फायदा आता लक्षात आला.

१४ डिसेंबर, शनिवार

लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग. सप्टेंबरअखेर भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली आहे. मंडई स्थानकावर उतरलं की तुळशीबाग चालत पाच मिनिटांवर. गाडी आणली तर पार्किंगमध्येच तास जातो. सकाळी अकराच्या आत साड्या, दुपारी तुळशीबाग, असा क्रम. साडीचा रंग दिवसाउजेडात दारापाशी नेऊन बघायचा. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यात मोरपंखी आणि गडद हिरवा सारखाच दिसतो.

पैठणी येवल्याची, हातमागाची. पदर उलटा करून पाहिला: मोर आणि वेल मागून तेवढेच स्वच्छ, मोकळे लोंबणारे धागे नाहीत. मशीनच्या पदराला मागून धाग्यांचं जाळं असतं किंवा ते कापलेले दिसतात. सिल्क मार्कचं लेबल फक्त रेशमाची खात्री देतं, हातमागाची नाही. दोन्ही वेगळं विचारायचं.

ब्लाऊजपीस साडीतून आधी कापून घेतला, मग फॉल. फॉल सुती असेल तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायला सांगायचा. न भिजवता लावलेला फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि निऱ्यांचा काठ कायमचा गोळा होतो. आरी कामाच्या (आरीच्या सुईनं केलेल्या भरतकामाच्या) ब्लाऊजला चार आठवडे. त्यापुढं केळवणं आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, ठेवायला सांगितली. आरी काम शिवणीपर्यंत भरलं की माया असून उपयोग होत नाही, शिवणीपासून एक इंच कोरा ठेवायचा. शेवटचं माप ९ फेब्रुवारीला.

अष्टपुत्रीची, म्हणजे लग्नविधीत नवरीनं नेसायची नऊवारी मामांकडून. शिवून घ्यायची नाही, नेसायची. नेसवणाऱ्या बाईंची वेळ पहाटे पाचची.

२२ डिसेंबर, रविवार

पहिली पत्रिका घरच्या देवापुढे, दुसरी कसबा गणपतीला. वाटप सुरू.

सोनं: दुरुस्तीला दिलेले आजीचे दागिने सोडून नवे तीन नग. शिक्का ‘२२के९१६’ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक). तो बीआयएस केअर ॲपवर टाकून नगाचा प्रकार जुळतो का ते दुकानातच पाहिलं. २ ग्रॅमच्या आतल्या नगांना हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून मंगळसूत्राच्या हलक्या वाट्यांवर शिक्का नसला तर तेवढ्यावरून दोष काढता येत नाही, मात्र पावतीवर शुद्धता लिहून घ्यायची. नथीचं वजन मोती धरून आणि मोती सोडून, दोन्ही पावतीवर हवं. मोत्याला सोन्याचा भाव लागू नये.

अंगठीचं माप थंडीच्या सकाळी देऊ नये. बोटं आखडलेली असतात आणि दुपारी अंगठी निघत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

पौष. वाटाघाटी आणि चाचणीची कामं या महिन्यात. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसात ते नऊ एवढाच वेळ मिळतो, म्हणून रोज एकच काम: सोमवारी केटरर, मंगळवारी कार्यालय, बुधवारी गुरुजी. फोन झाला की त्याच मिनिटाला एक ओळ तक्त्यात. दोन दिवसांनी ‘काय ठरलं होतं’ हे दोन्ही बाजूंना वेगळंच आठवतं.

उपासाच्या पानाचा मजकूर ठरला: साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, उपासाची बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड, मठ्ठा, केळं. दर ३२० रुपये.

आचाऱ्यांशी एकेका जिनसावर बोलणं झालं. फोडणी तुपाची, जिरं आणि हिरवी मिरची. मोहरी, हळद, हिंग नाही. मीठ शेंदेलोण. कोथिंबीर काही घरांत उपासाला चालते, काही घरांत नाही, म्हणून ती आत न घालता वेगळ्या वाटीत. श्रीखंड आणि मठ्ठा सगळ्यांना एकच, फक्त मठ्ठ्यातून हिंग काढला. बटाट्याची भाजी मात्र दोनदा करायची, कारण पिवळी भाजी पाहिली की उपास करणारा हात मागे घेतो. कढया, डाव, परात आणि तेल-तुपाचे डबे वेगळे. एकच झारा दोन्हीकडे फिरला तर सगळी मेहनत वाया.

१९ जानेवारी, रविवार

खिचडीची चाचणी घरी, एक किलो साबुदाण्यावर. धुऊन, वर जेमतेम बोटाच्या अर्ध्या पेराएवढं पाणी ठेवून पाच तास. दाण्याचं कूट ४५० ग्रॅम. तेरा मध्यम वाढी झाल्या, म्हणजे माणशी पाऊणशे ग्रॅम साबुदाणा.

चव उत्तम. पण झाकून ठेवलेली खिचडी वीस मिनिटांत घट्ट झाली आणि चाळिसाव्या मिनिटाला तिचा गोळा. गरम भांड्यात ठेवली तर वाफेनं आणखी चिकट. म्हणून एकदम चार किलो करायची नाही. किलो-किलोचे घाणे, दर वीस मिनिटांनी एक, आणि परतणारा माणूस त्या कामाचाच.

२ फेब्रुवारी, रविवार

फोनाचा दिवस. पाच जणांनी वाटून घेतलेली १६४ घरं. ‘येताय ना?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘किती जण येताय, सकाळच्या नाश्त्याला पोचाल का, आणि उपास कोणाकोणाचा?’ असं विचारलं की खरा आकडा मिळतो, कारण माणूस मोजून सांगतो. उपासाचा प्रश्न ऐकून बऱ्याच जणांना बरं वाटलं. दोन घरांनी तर संकष्टीमुळे फक्त अक्षतांना यायचं ठरवलं होतं, ती आता जेवून जाणार.

९ फेब्रुवारी, रविवार

माणसं ३४५, त्यांत उपास ४५. ब्लाऊज उजव्या दंडात अर्धा इंच सोडवावा लागला. मायेमुळे निभावलं.

अक्षता: अर्धी मूठ म्हणजे आठ-दहा ग्रॅम, साडेतीनशे जणांना साडेतीन किलो तांदूळ. कुंकू थोड्या तुपात कालवून लावलं आणि दोन दिवस सावलीत वाळवलं. ओल्या अक्षता साड्यांवर डाग पाडतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

केटररला शेवटचा आकडा लेखी: साधी पानं ३००, उपासाची ५०. चार दिवस आधीची मुदत याच दिवशी संपत होती. विहिणीच्या पंगतीची २४ पानं याच आकड्यात. त्यांतली उपासाची ९ पानं बाकीच्यांसारखीच केळीच्या पानावर, तशीच महिरप, तशीच रांगोळी, तेवढ्याच वाट्या. वरमाईंचं पान वेगळं दिसलं तर सगळं केलेलं फुकट.

१३ ते १५ फेब्रुवारी

गुरुवारी वॅक्सिंग, शुक्रवारी मेंदी, शनिवारी चुडा आणि हळद. हा क्रम उलटा करायचा नाही. नुकत्याच वॅक्स केलेल्या त्वचेला हळद झोंबते. मेंदीचा रंग काढल्यानंतर एक-दोन दिवसांत गडद होत जातो, म्हणून ती आदल्या रात्री काढून उपयोग नाही. ती सुकल्यावर खरवडून टाकायची, निदान आठ तास पाणी लावायचं नाही. झटपट काळी होणारी मेंदी नकोच. तिच्यातल्या रसायनानं फोड आल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

चुड्याचं माप दोन-चार, म्हणजे आतला व्यास सुमारे ५७ मिलीमीटर. कासारांना साबण न वापरता पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून बांगड्या भरायला सांगितल्या, मेंदी शाबूत राहिली. एका हातात एक बांगडी जास्त. आठ बांगड्या जादा घेऊन ठेवल्या. हळदीत दोन वाढवल्या.

सकाळी घरी ग्रहमख आणि देवक, संध्याकाळी कार्यालयात सीमांतपूजन. मीटरचं रीडिंग सव्वापाचला व्यवस्थापकांसमोर, फोटो काढून. साबुदाणा भिजत घालायचा: नाश्त्याचा २ किलो रात्रीच, जेवणाचा ४ किलो पहाटे चारला.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाश्ता ७.३० ते ९.३०. मंगलाष्टकं वेळेवर. पंगत १२.२० ला बसली, १.०५ ला उठली. विहिणीची पंगत १.५० ला. कार्यालय ३.४० ला रिकामं, रीडिंग घेतलं.

खिचडी १.१० ला संपली. उपास करणाऱ्यांतली नऊ माणसं तेव्हा जेवायची होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हिशोब. साधी पानं लागली २९१, हमी ३०० ची, पैसे ३०० चे. उपासाची पानं ६३. पंगतीत एकही पान चुकलं नाही, कारण तिथं वाढप्याकडे यादी होती. फरक सगळा बुफेत पडला: खिचडीची कढई मसालेभाताच्या ओळीतच मांडली होती आणि गरम खिचडीचा वास आल्यावर उपास नसलेल्यांनीही वाढून घेतली. उपासाचं टेबल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, पाटी लावून, घरातल्या एका माणसाच्या देखरेखीखाली हवं होतं.

आयत्या वेळी साबुदाणा वाढवता येत नाही, तो पाच तास भिजावा लागतो. वरीला भिजवावं लागत नाही, वीस मिनिटांत भात होतो. त्या नऊ जणांचं जेवण वरी आणि दाण्याच्या आमटीवर झालं. राखीव साठा करायचा तो वरीचा: पन्नास पानांमागे दीड किलो वरी आणि एक किलो भाजलेले दाणे, न शिजवता बाजूला.

बिल: ३०० × ४५० = १,३५,०००, ६३ × ३२० = २०,१६०, शनिवारचं जेवण आणि नाश्ता ठरल्याप्रमाणे ४१,२००. बेरीज १,९६,३६०, जीएसटी ९,८१८, एकूण २,०६,१७८. आगाऊ रक्कम वजा करून बाकी बँकेनं दिली.

राहिलेलं: विवाह नोंदणी, ९० दिवसांच्या आत. नमुना ‘ड’ वर गुरुजींची सही रविवारीच कार्यालयात घेतली, त्यांच्या ओळखपत्राची प्रत सोबत जोडली. तिन्ही साक्षीदार पुण्यातलेच निवडले आहेत. पत्रिकेच्या दोन प्रती आणि विधींचे फोटो पाकिटात. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात सगळ्यांना एकत्र जायला मार्चमधला पहिला कामाचा सोमवार धरला आहे, साक्षीदारांना आज कळवलं.